आंबीचं कोपर

या, असे बांधावरूनच या. पायाखाली जरा जपून, सकाळच्या भरतीनं कडा अजून ओली आहे. उजव्या हाताला खाडी, डाव्या हाताला आमची भातशेती आणि मध्ये हा बांध. आम्ही ह्याला बाहेरकाठा म्हणतो. मोरखारच्या देवळापासून निघालात तेव्हापासून पाऊण मैल हा सुतात धरल्यासारखा सरळ आला. आता समोर बघा. इथे तो एकाएकी खाडीकडे वळतो, चिखलात दीडशे पावलं पुढे जातो, मोठा वळसा घेतो आणि पुन्हा आपल्या जागेवर येतो. टेकडीवरून पाहिलं तर कुणी बाई कमरेवर हात ठेवून उभी आहे आणि तिचं कोपर बाहेर आलं आहे, असं दिसतं. म्हणून ह्याचं नाव आंबीचं कोपर.

मागे एकदा मोजणीचे साहेब आले होते. कागदावर रेघ मारून त्यांनी दाखवलं की एवढं वळण काढून बांध सरळ घातला, तर दरवर्षीची डागडुजी निम्म्यानं कमी होईल. त्यांचं गणित बरोबर होतं. गावानं त्यांना पोटभर जेवू घातलं आणि वळण काढायला नको म्हणून सांगितलं.

का, ते ऐकायचं असेल तर बसा इथे दगडावर. मी पद्माकर. तीस वर्षं ह्या बांधाची उघाडी सांभाळली, म्हणजे ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडायचं लाकडी दार. ही गोष्ट मला माझ्या आत्यानं सांगितली, तिला तिच्या सासऱ्यानं. आमच्या बोलीत ती जास्त गोड लागते, पण तुम्हांला कळावी म्हणून सरळ भाषेत सांगतो.

फार जुनी गोष्ट. त्या वेळी बांधाचा नाईक होता दामा. नाईक म्हणजे बांधाच्या कामाचा म्होरक्या. त्याच्या शब्दावर प्रत्येक घरातून एक माणूस टोपली घेऊन यायचा. दामा उंचापुरा गडी, आवाज असा की इकडून हाक मारली तर खाडीपलीकडच्या डोंगरखार गावातली कुत्री भुंकायची म्हणे. माणूस वाईट नव्हता. स्वतः कंबरभर चिखलात उभा राहायचा. नाईकाची जमीन बांधाला अगदी लागून असावी असा तेव्हाचा नियम होता. बांधाला काही झालं तर पहिला फटका त्याला बसावा, म्हणजे तो जागा राहील. त्याप्रमाणे दामाचं शेत इथेच होतं, आत्ता तुम्हांला वळणाच्या आत दिसतंय तेच.

दामाचं एक मात्र होतं. तो हुकूम द्यायचा, कारण द्यायचा नाही. उचल म्हटलं की उचलायचं, टाक म्हटलं की टाकायचं. आणि त्याच्या मनात भरली होती उंची. डोंगरखारवाल्यांनी आपला बांध हातभर वाढवला की दामा आपला दोन हात वाढवायचा. मग त्यांनी वाढवायचा. दोन्ही गावं वर्षानुवर्षं एकमेकांकडे बघत चिखल चढवत राहिली. लोकही त्यात रंगले. बांध कशासाठी आहे हे हळूहळू कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

एका श्रावणात बुधा नावाच्या माणसाला बांधाच्या पायथ्याशी खेकड्याचं बीळ दिसलं. बीळ मुठीएवढं आणि त्यातून पाणी झिरपत होतं. बुधाला त्या दिवशी वरच्या कडेवर माती चढवायचं काम दिलं होतं. त्यानं बीळ पाहिलं, टोपली डोक्यावर घेतली आणि वर गेला. तीन दिवस तो त्याच बिळाजवळून गेला आला. चौथ्या दिवशी नारळी पौर्णिमा. भर दुपारी उधाणाची भरती चढली आणि त्या बिळाच्या जागी बांधाला खांड गेली. खांड म्हणजे भगदाड. आधी बैलगाडी जाईल एवढी, मग घर मावेल एवढी. पोटरीला आलेला सगळा भात संध्याकाळपर्यंत खाऱ्या पाण्याखाली गेला.

दामानं भर गावकीत बुधाला विचारलं, तुला दिसलं होतं तर बोलला का नाहीस? बुधा म्हणाला, "नाईक, तू मला उंची वाढवायला सांगितलं होतंस. मी उंची वाढवत होतो."

दामानं सगळ्यांसमोर त्याच्या मुस्काटात मारली. पण त्या रात्री जेवताना दामाला त्या उत्तरातला अर्थ कळला असावा, कारण दुसऱ्या दिवसापासून तो घराबाहेर पडेनासा झाला. नाईकपणाची काठी त्यानं देवळात नेऊन ठेवायला बायकोच्या हाती दिली.

त्यानंतर तीन पावसाळे मोरखारात भात पिकला नाही. विहिरी मचूळ झाल्या. बायका टेकडीवरच्या झऱ्यावरून पाणी आणायच्या. दोनदा लोकांनी खांड बुजवायचा प्रयत्न केला. पण ज्यानं त्यानं आपापल्या शेतासमोरचा तुकडा भक्कम केला आणि तुकड्यांचे सांधे तसेच राहिले. पाणी सांध्यातून आलं. काही घरं माहेरच्या, मामाच्या गावी निघून गेली. उरलेले आज जाऊ, उद्या जाऊ करत होते.

तिसऱ्या वर्षी कार्तिकात देवीच्या देवळासमोर गावकी बसली. ही शेवटची, असं सगळ्यांना वाटत होतं. कुणी म्हणे दगडाचा बांध घालू, कुणी म्हणे चिखलाचाच पण रुंद. कुणाची जमीन आधी, कुणाची नंतर, ह्यावरून हातघाई व्हायची वेळ आली. तेव्हा मागच्या बाजूला बसलेली आंबी सुईण उठली.

आंबी तेव्हा पन्नाशीची. ठेंगणी, काळीसावळी, कमी बोलणारी. गावातली तिशीच्या आतली सगळी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली. खाडीपलीकडेही तिला होडी पाठवून बोलावत. एखाद्या घरात किती माणसं, कोण आजारी, कुणाच्या चुलीवर काय शिजतं, हे तिला त्या घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक.

ती म्हणाली, "मला एवढंच सांगा, हा बांध घालायचा कशासाठी?"

लोक हसले. एका म्हाताऱ्यानं समजूत घातल्यासारखं सांगितलं की खाडी अडवण्यासाठी.

"खाडी अडवून कुणाचं पोट भरलंय?" आंबी म्हणाली. "खाडी बाहेर आहे, ती बाहेरच राहणार. आपल्याला आत काय राखायचं आहे ते बोला."

आता कुणी हसलं नाही. इतकी वर्षं सगळे बाहेर तोंड करून उभे होते. शेवटी एक लेकुरवाळी सून, जिला अशा बैठकीत बोलायची रीत नव्हती, ती हळूच म्हणाली, "मला माझ्या पोरीला आपल्या शेतातल्या भाताची पेज भरवायची आहे. तिला अजून ती चव ठाऊक नाही."

पेज म्हणजे आमची सकाळची न्याहारी, भाताची पातळ खीरच म्हणा, पण मिठाची. ती बोलली आणि जणू खुंटी निघाली. एक म्हणाला, मला माझी बैलजोडी परत आणायची आहे, पण पेंढा घरचा हवा. दुसरा म्हणाला, आईला मरताना घरच्या तांदळाचं पाणी मिळालं नाही, निदान बापाला मिळावं. फिरून फिरून सगळे चुलीपाशीच येत होते. आंबीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एका वाक्यात बांधलं: "बांधाआड हर चुलीवर घरची पेज." मग ती म्हणाली की ज्याला हे वाक्य पाठ झालं त्यानं उद्या टोपली घेऊन यावं, ज्याला झालं नाही त्यानं घरी बसून आधी पाठ करावं.

गावकीनं देवळातली काठी तिच्या हाती दिली. थोडी कुरकुर झाली. दामानं घरात बसूनच निरोप पाठवला म्हणे, की सुईण बांध घालणार असेल तर नाईकानं आता बाळंतपणं करावीत. आंबी ते ऐकून मनापासून हसली आणि म्हणाली, येऊ दे, हात स्वच्छ धुऊन यायला सांगा.

पण देवीसमोर जाऊन तिनं नवस बोलला तो हसण्यावारी नव्हता. गावातल्या शेवटच्या चुलीवर घरच्या भाताची पेज शिजेपर्यंत मी भाताला शिवणार नाही, असं ती बोलली. नाचणी आणि डोंगरातले करांद्याचे कंद, एवढ्यावर ती राहिली.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. आंबीला चिखलातलं काही कळत नव्हतं, आणि तिनं ते लपवलं नाही. कुठली माती कुठे टाकायची हे ज्याला कळतं त्यानंच ठरवावं, मी फक्त रोज सकाळी विचारणार, असं तिनं सांगून टाकलं. आणि खरंच, रोज सकाळी ती सगळ्यांना बांधावर उभं करायची, पाठ खाडीकडे आणि तोंड गावाकडे, आणि विचारायची, "बांधाआड काय?" ज्यानं त्यानं आपलं उत्तर द्यायचं. कुणी म्हणायचं माझी पोर, कुणी म्हणायचं माझी तांबडी गाय. एकजण म्हणाला, माझी सासू, आणि तिला आत ठेवायचं की बाहेर हे अजून ठरलं नाही. सासू त्याच्यामागेच टोपली घेऊन उभी होती. त्या दिवशी दुपारपर्यंत लोक आठवून आठवून हसत होते आणि हसताना हात दुप्पट चालत होते, असं सांगतात.

पहिल्याच आठवड्यात बुधा तिच्याकडे आला. खाली मान घालून त्यानं सांगितलं की मला बांधाचं काम देऊ नको, माझ्यामुळे गाव बुडालं. आंबीनं त्याला सांगितलं, बिळं ओळखायची नजर तुझ्याइतकी कुणाकडे नाही. आजपासून बीळ दिसलं की तू कुणालाही न विचारता काम थांबवायचं. माझंसुद्धा.

बुधानं ते फारच मनावर घेतलं. पहिल्या दिवशी त्यानं तेवीस वेळा काम थांबवलं. त्यातली वीस खरी बिळं होती. दोन बैलाच्या खुराचे ठसे होते, आणि एक त्याच्या स्वतःच्या टाचेचा. लोक वैतागले, पण आंबी प्रत्येक वेळी काठी खाली ठेवून थांबायची. पंधरा दिवसांत अशी गत झाली की सगळेच बिळं शोधू लागले आणि बुधाच्या आधी कोण थांबवतो ह्याची चढाओढ लागली.

असं करत फाल्गुन उजाडला. दोन्ही बाजूंनी बांध खांडीपर्यंत आला. आणि तिथे सगळे अडले.

तीन वर्षं पाणी आत-बाहेर करून खांडीच्या जागी खोल डोह झाला होता. बांबू टाकला तर तळ लागेना. जुन्या रेषेवर बांध घालणं शक्यच नव्हतं. डोहाला वळसा घालायला हवा होता, आतून किंवा बाहेरून. आतल्या अंगाला दामाच्या शेताची जुनी मेर, म्हणजे हद्दीचा छोटा बांध होता. ती उंच केली की चार दिवसांत काम संपत होतं. पण मग दामाचं शेत बांधाबाहेर, कायमचं खाडीला जाणार होतं. बाहेरून जायचं तर मऊ चिखलातून तीनशे पावलं, आणि त्याला पंधरा दिवस तरी हवे होते. हाताशी होते सात. अष्टमीचा दिवस होता. अष्टमीला भरती सर्वांत दुबळी असते, आम्ही त्याला भांग म्हणतो. तिथून पाणी रोज चढत जाणार आणि होळीच्या पौर्णिमेला उधाण. तोपर्यंत बांध मिटला नाही तर अर्धा-कच्चा सगळाच वाहून जाणार.

लोकांना हे कोडं वाटलंच नाही. सगळे म्हणाले, आतून. ज्यानं बांध बुडवला त्याचंच शेत खाडीला गेलं तर त्यात वावगं काय? काहींना तर त्यात देवीचा न्यायच दिसला.

आंबी त्या दुपारी डोहाच्या काठावर एकटीच बसून राहिली. तिचंही मन आतल्या बाजूला ओढ घेत होतं, असं माझी आत्या सांगायची. चार दिवसांत सगळं संपलं असतं. बाहेरून गेलो आणि हरलो तर पन्नास चुली विझणार होत्या, एका चुलीपायी. तिनं पुन्हा पुन्हा हिशोब मांडला आणि प्रत्येक वेळी तो आतल्याच बाजूला गेला. मग ती उठली आणि दामाच्या घरी गेली.

तीन वर्षांत त्या उंबऱ्यावर कुणी आलं नव्हतं. दामा अंगणात जाळं विणत बसला होता. केस पिकले होते. आंबीनं त्याला माफीचं किंवा रागाचं काही सांगितलं नाही. डोहाबाहेरचा चिखल कुठे धरेल आणि कुठे गिळेल हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, ते विचारायला आले आहे, एवढंच ती म्हणाली.

दामानं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाला, "बाहेरून जाऊ नको, आंबी. माझं शेत सोड. बांध आतून घाल. माझ्याच हातून फुटलाय तो."

"दामा, तुझ्या घरात चूल आहे की नाही?"

"आहे."

"मग ती मोजलेली आहे," आंबी म्हणाली. "मी हर चूल म्हटलंय. आज तुझी वगळली, तर उद्या कुणाची वगळायची ते ठरवायला लोक मोकळे होतील. तसल्या बांधाला बिळं पाडायला खेकडे लागत नाहीत."

दामा उठला. त्यानं खुंटीवरची टोपली काढली.

दुसऱ्या सकाळी बांधावर लोकांनी आंबीच्या मागून दामाला येताना पाहिलं. आंबीनं बाहेरून जायचं ठरवलं आहे असं सांगितलं नाही. रोजच्यासारखं तिनं सगळ्यांना गावाकडे तोंड करून उभं केलं आणि विचारलं, "बांधाआड काय?"

समोर घराघरांच्या छपरांतून धूर निघत होता. त्यात दामाच्या घराचाही होता. सगळ्यांची नजर बुधाकडे गेली, कारण भर गावकीत थप्पड त्यानं खाल्ली होती आणि बोलायचा पहिला हक्क त्याचा होता. बुधानं दामाकडे पाहिलं. दामा खाली बघत होता.

बुधा म्हणाला, "बांधाआड हर चुलीवर घरची पेज. दामा नाईकाच्यासुद्धा." आणि टोपली उचलून तो बाहेरच्या बाजूनं चिखलात उतरला.

मग बाकीचे उतरले.

दामानं त्यांना दाखवलं की चिखलाखाली एके ठिकाणी शिंपल्यांचा जुना कडक थर आहे, कमानीसारखा वळत गेलेला. लहानपणी तो तिथे कालवं काढायला जायचा. त्या थरावरून गेलं तर पाया खचणार नाही आणि पंधराऐवजी दहा दिवसांत काम होईल. हे जे वळण तुम्ही बघताय ते कुणा माणसानं आखलेलं नाही, त्या शिंपल्यांनी आखलेलं आहे.

तरी तीन दिवस कमी पडत होते. तेव्हा आंबी होडीत बसून डोंगरखारला गेली. तिथल्या निम्म्या माणसांना तिनंच जगात आणलं होतं, पण तिनं त्या उपकाराचं नाव काढलं नाही. आपलं ते वाक्य त्यांना सांगितलं आणि आमचे हात कमी पडताहेत म्हणाली. तिथला म्हातारा नाईक मिशी चोळत म्हणाला म्हणे, "इतकी वर्षं तुमच्याशी उंचीची शर्यत लावली. पेजेसाठी बांध असतो हे तुमच्याकडून कुणी बोललंच नाही, नाहीतर आम्ही कधीच आलो असतो." दुसऱ्या दिवशी अकरा होड्या दगड, पेंढा आणि माणसं घेऊन आल्या.

पौर्णिमेच्या दुपारी शेवटची फट उरली, दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढी. पाणी चढायला लागलं होतं. चिखलाचा गोळा टाकावा आणि पाण्यानं तो न्यावा, असं चाललं होतं. तेव्हा कुणा जाणत्यानं हळूच सांगितलं की खाडी बळी मागते. जुन्या बांधांखाली माणसं आहेत म्हणतात, त्याशिवाय ती ऐकत नाही.

आंबीनं चिखलानं भरलेले आपले दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. "ह्या हातांनी मी ह्यांना बाहेर काढलंय," ती म्हणाली. "आत घालायला हे हात मिळायचे नाहीत. खाडीला सांगा, नारळ देते, तेवढ्यात भागव."

आणि तिनं नारळ सोडला. तो फटीतून आत न येता बाहेरच्या बाहेर तरंगत राहिला. असं सांगतात की त्या दिवशी पाणी फटीच्या कडेला आलं आणि दोन घटका तिथेच थांबलं. कुणी म्हणतं देवीनं थांबवलं. कुणी म्हणतं खाडीला आंबीचं बोलणं ऐकून हसू आलं आणि हसता हसता ती चढायचं विसरली. मी तीस वर्षं भरती-ओहोटी बघितली आहे, पाणी थांबलेलं काही पाहिलं नाही. पण फटीत दामा आणि बुधा खांद्याला खांदा लावून छातीभर पाण्यात उभे राहिले, त्यांच्या पाठींना पेंढा आणि चिखल थापून दोन्ही गावांनी फट मिटवली आणि मग त्या दोघांना वरून ओढून काढलं, एवढं मात्र खरं असावं. संध्याकाळची होळी ह्याच वळणावर पेटली. दोन्ही गावांची एकच.

पावसानं जमिनीतलं मीठ धुवायला वेळ घेतला. पहिल्या वर्षी वरच्या शेतांत भात आला. दुसऱ्या वर्षी जवळजवळ सगळ्यांकडे. सर्वांत सखल होतं दामाचं शेत, तिथलं मीठ सगळ्यांत शेवटी गेलं. म्हणजे त्याची चूल सोडली असती तर आंबीचा नवस एक वर्ष आधी फिटला असता. ते पूर्ण वर्ष ती नाचणी खात हिंडली. लोकांच्या घरी बाळंतपणाला जायची, समोर वाफाळता भात यायचा, ती पान बाजूला सारायची. दामाची बायको रोज शेतावर जाऊन माती चाटून बघायची म्हणे, मीठ उतरलं का.

तिसऱ्या मार्गशीर्षात दामाच्या शेतात लाल भात पिकला. सगळं गाव ह्या कोपरावर जमलं. दामाच्या बायकोनं मातीच्या भांड्यात पेज शिजवली आणि आंबीसमोर वाडगा धरला. दामा बाजूला उभा होता, बुधा त्याच्याजवळ. आंबीनं एक घोट घेतला. डोळे मिटले.

मग तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "गं बाई, मीठ घालायला विसरलीस."

आधी दामा हसला. तीन वर्षं घरात बसलेला आणि तीन वर्षं मान खाली घालून राबलेला तो माणूस असा हसला की खाडीपलीकडे कुत्री भुंकली. ज्या मिठानं गाव उठवलं होतं तेच चिमूटभर शोधायला सगळी घरं पळाली.

तर असं हे वळण. वळणाच्या आतला डोह गाळानं केव्हाच भरला, त्यामुळे साहेबांना वळणाचं कारण कागदावर सापडलं नाही.

आजही मार्गशीर्षात बांधाची डागडुजी सुरू होते तेव्हा त्या वर्षीचा नाईक सगळ्यांना गावाकडे तोंड करून उभं करतो आणि तेच विचारतो. आजही नाईक सगळ्यांच्या शेवटी जेवतो, आणि बीळ दिसलं तर शेंबडं पोरही त्याचं काम थांबवू शकतं. दोन वर्षं झाली, आमची नाईक आहे सुलभा, इथल्या शाळेत शिकवते. तिच्या पहिल्या वर्षी सरपंचांनी आपलं उत्तर जरा लांबवलं, तर तिनं त्यांना वर्गात थांबवतात तसं थांबवलं होतं.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो आणि उठतो, मला उघाडीकडे जायचंय. रघूचा मुलगा बोटीवर नोकरीला आहे, कुठल्यातरी लांबच्या समुद्रात. कामाच्या दिवशी त्यानं फोन लावला आणि रघूनं तो हातात उंच धरून गावाकडे वळवला. सुलभानं ओळीनं सगळ्यांना विचारलं आणि फोनपाशी येऊन त्यालाही विचारलं, बांधाआड काय? पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. मग पोर म्हणालं, "माझी आई."

त्याची आई माझ्या बाजूलाच उभी होती.

सुलभा म्हणाली, "हो, आहे. उचला टोपल्या."